पहिली किटली

"आता एकच पथ्य पाळायचं, चौगुले," माझ्या गालात कापसाचा बोळा कोंबत दातांचे डॉक्टर म्हणाले. "नाक शिंकरायचं नाही. पंधरा दिवस. अजिबात नाही."

मी मान हलवली. तोंडात बोळा असला की माणूस कशालाही मान हलवतो.

"नीट ऐका. वरची दाढ होती, मुळं पार वर गेलेली. तिच्या डोक्यावरच गालाच्या हाडात एक पोकळी असते, ती नाकाला जोडलेली असते. मधे पडदा असतो तो कांद्याच्या सालीइतका पातळ. जोर केलात तर फाटेल. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. आणि आठ दिवसांनी दाखवायला यायचं. कळलं?"

मी पुन्हा मान हलवली.

सगळं कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला आमच्या आंबेखोलच्या दूध संस्थेचं शटर वर केलं, नळाशी उभ्यानंच तोंडावर पाणी मारलं आणि अकरा वर्षांच्या सवयीनं हात आपसूक नाकाकडं गेला. मी संस्थेत टेस्टर होतो. दूध मापात पडण्याआधी त्याचा वास घ्यायचा, हे माझं पहिलं काम. आणि वास घेण्याआधी नाक साफ करून घ्यायचं, हा माझा नेम. एक नाकपुडी दाबायची आणि दुसरी अशी शिंकरायची की समोरच्या गोठ्यातली म्हैस दचकावी. उजवी झाली. डावी करताना आत कुठंतरी फुस्स झालं, सायकलच्या ट्यूबला काटा लागल्यासारखं, आणि रुमालावर रक्ताचा ठिपका आला. तेव्हा मला डॉक्टर आठवले.

आता शिंकरलं ते शिंकरलं, असं म्हणून मी पहिली किटली उघडली.

सात वाजता माप घालणाऱ्या नामदेवनं चहा आणला. मी पहिला घोट घेतला आणि तो डाव्या नाकपुडीतून माझ्या सदऱ्यावर आला. नामदेवची पाठ होती म्हणून बरं. त्या दिवसापासून मी चहा घरी प्यायला लागलो, तोही मान उजवीकडं कलती करून, भिंतीकडं तोंड करून. डॉक्टरांकडं गेलो नाही. दूध दोन्ही वेळेला येतं, त्याला सुट्टी कुठली, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ज्याच्या नाकावर भरवसा ठेवून सगळं गाव दूध घालतं, त्याच्याच नाकातून चहा गळतो, हे गावाला कळलं असतं तर पोरांनी माझं बारसं नव्यानं केलं असतं.

आणि नाकाचा दिमाखच तसा होता माझ्या. म्हशीनं लसणीची पात खाल्लीय, किटली काल धुतलीच नाही, दूध स्टोव्हजवळ ठेवलं होतं, हे मी झाकण उघडता उघडता सांगायचो. आमचे चेअरमन दौलतराव इंगवले तालुक्याला गेले की चारचौघांत म्हणायचे, "आमच्यात मशीन मागनं. आधी चौगुलेचं नाक." मी दूध परत करायचो तेव्हा तोंडातून शब्द काढायचो नाही. झाकण लावायचं आणि किटली डावीकडं सरकवायची. सरकवलेली किटली दुसऱ्या कुणी उघडून हुंगायची नाही, असा संस्थेत रिवाज पडला होता. रिवाज कसला, माझ्यानंतर कुणी वास घेतला तर तो माझा अपमान, असं मीच ठरवून टाकलं होतं आणि बाकीच्यांनी ते चालवून घेतलं होतं.

रोजची पहिली किटली अक्काताई रेडेकरची. तिचा नवरा गणपती माझ्याबरोबर शाळेत होता. तो इचलकरंजीला एका सूतगिरणीत वॉचमन, महिन्यातून एकदा गावी यायचा. म्हणून ती मला वहिनी आणि मी तिला भावजी. घरी एक म्हैस. संध्याकाळचं दूध पोरीला आणि घराला, सकाळचं संस्थेला. शटरचा आवाज व्हायच्या आत ती पायरीवर हजर असायची, कारण पुढं तिला शाळा गाठायची असे. शाळेत पोरांना दुपारचा भात शिजवून देण्याची सोय त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती आणि ते काम तिला मिळालं होतं. अर्ज चार बायकांचे होते. पण अक्काताईची चूल बघितलेल्या माणसानं दुसरं नाव घेतलं नसतं. तिची किटली राखेनं आणि लिंबाच्या सालीनं घासलेली असायची, वर धुतलेलं पांढरं फडकं. मी तिला चिडवायचोही, "वैनी, एवढी लखलखीत किटली आणता, मला माझंच तोंड बघावं लागतंय सकाळी सकाळी."

"मग बघा की. कुणी तरी बघाया पायजेच," ती म्हणायची.

दाढ काढून दीड महिना झाला असेल. थंडीचे दिवस होते. मी शटर उघडलं, तोंड धुतलं, नाक शिंकरलं, अक्काताईची किटली पुढं ओढली, झाकण काढलं आणि वाकलो.

मेलेल्या उंदराचा वास आला.

मी मागं सरकलो. अकरा वर्षांत दुधाला आंबूस वास, करपट वास, शेणाचा वास सगळे येऊन गेले होते. असला कधी आला नव्हता.

"वैनी, काय झालं आज?"

"कशाचं काय?"

"दुधाला वास हाय."

ती हसली. "सकाळी सकाळी चेष्टा नगा करू भावजी. शाळंला उशीर होतोय."

मी झाकण लावलं आणि किटली डावीकडं सरकवली. तिचं हसू तिथंच वाळून गेलं. मागच्या बायका पुढं डोकावून बघायला लागल्या. तिनं किटली उचलली, फडकं नीट केलं आणि गेली.

दुसरी किटली चांगली होती. तिसरी चांगली होती. म्हणजे वास तिच्याच दुधाला होता, याहून पक्का पुरावा कुठला?

त्या दुपारी जेवताना माझी बायको शालन म्हणाली, "एक बोलू का? रागवायचं न्हाई."

"बोल."

"दाढ काढल्यापासनं तुमच्या तोंडाला वास येतोय."

"लवंगेचं तेल लावतोय. त्येचा आसंल."

"लवंगेचा वास मला कळतोय की वो. ह्यो त्यो न्हाई."

"आता तू मला वास शिकवणार?" मी ताट पुढं ढकललं. तिनं ते उचललं आणि विषय संपला. म्हणजे मी संपवला.

आठ दिवस तसं काही झालं नाही. नवव्या दिवशी पुन्हा झालं. अक्काताईनं मधल्या काळात नवी किटली घेतली होती. नव्या किटलीच्या तोंडाशी मी वाकलो आणि तोच सडका भपकारा. मी मान वर केली तर ती माझ्याच चेहऱ्याकडं बघत होती.

"आला?"

मी झाकण लावलं.

"कसला येतोय तेवढं तरी सांगा. पेंडीचा का चाऱ्याचा? मी बदलतो."

आमच्याकडच्या बायका बोलताना 'बदलतो', 'जातो' असंच म्हणतात. ती इतक्या अजिजीनं कधी बोलली नव्हती.

"कुजका येतोय, वैनी."

तिच्या मागं उभ्या असलेल्या बाईनं आपली किटली हातभर लांब सरकवली. अक्काताईनं ते बघितलं. मीही बघितलं. मला वाईट वाटलं, पण मनात म्हटलं, संस्थेपुढं नातंगोतं नाही. आपण आहोत म्हणून संस्थेचं दूध कधी तालुक्याच्या संघाकडून परत आलं नाही. माणसाला एकदा आपल्या खरेपणाची गोडी लागली की तो दुसऱ्याचं काय होतंय ते बघत नाही.

गावात बोलणं पसरायला काय लागतं? जिच्या दुधाला कुजका वास, तिच्या हातचा भात पोरांनी खायचा का, असं कुणीतरी म्हणालं. दोन दिवसांत शाळेत पाच पोरं घरून डबा घेऊन आली. आठवड्यात अकरा झाली.

तिसऱ्या वेळेला तिनं शेजारणीला समोर बसवून धार काढली होती, किटली उकळत्या पाण्यानं धुतली होती. हे तिनं मला सांगितलं नाही, शेजारीणच सांगायला बरोबर आली होती. मी वाकलो. वास आला. मी झाकण लावलं. शेजारीण म्हणाली, "अगं बाई," आणि अक्काताईपासून जराशी बाजूला झाली.

संस्थेचा नियम होता. महिन्यात तीनदा दूध परत गेलं की सभासदाचं नाव कमिटीपुढं.

त्याच दिवशी दुपारी ती आमच्या घरी आली. मी सोप्यात बसलो होतो. तिनं चप्पल काढली, पदर सारखा केला आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"भावजी, माझ्या हाताचा वास घ्या."

"वैनी, आवं काय हे..."

"घ्या. पोरांचा भात कालवतो मी ह्या हातांनी. हातालाच आसंल तर मला कळाया पायजे."

मी वाकलो नाही. तिचे हात मी माझ्या नाकाशी वर घेतले. चुलीच्या धुराचा वास होता, लिंबाचा होता. घासून घासून बोटांची कातडी सोलवटली होती.

"हाताला कायबी न्हाई."

"मग दुधाला कुठनं येतोय?"

"म्हशीला दाखवा कुणाला तरी."

"दाखवली. तालुक्यासनं डॉक्टर आणला. म्हशीला काय झालं न्हाई म्हंतोय." तिनं हात मागं घेतले. "मिटिंगमधी माझं नाव निघणार न्हवं?"

"नियम हाय, वैनी."

"नियम हाय," ती माझ्यामागून म्हणाली, जसं एखादं पोर पाढा म्हणतं तसं. "मग शाळंतलं काम बी जाईल."

"ते माझ्या हातात न्हाई."

"न्हाई. तुमच्या हातात काय हाय त्यात." ती चप्पल घालून गेली.

शालन आतून बाहेर आली. "आज सकाळी मी तिच्या घरी गेलेली. त्या परत आलेल्या दुधाचा वास घेटला मी. मला काय आला न्हाई."

"तुझं नाक अन् माझं नाक एकच हाय का?" मी म्हणालो. आज हे वाक्य आठवलं की माझे मलाच कान उपटावेसे वाटतात.

कमिटीची बैठक शनिवारी सकाळी नऊला, दूध घेऊन झाल्यावर. त्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा होती, पण अक्काताईनं भाताचं काम उशिरा सुरू करायची परवानगी काढली होती. मी शटर वर केलं तेव्हा ती पायरीवर होती, पण पुढं आली नाही.

"आदी बाकीच्यांचं घ्या. माझ्यामुळं खोळंबा नगं," ती म्हणाली आणि रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात दौलतराव स्वतः मोटरसायकलवरून आले. त्यांची किटली एरवी त्यांचा गडी शेवटाला आणून टाकायचा. आज बैठकीआधी कचेरीतले कागद बघायचे म्हणून लवकर आले होते, येताना किटली घेऊनच आले. "चौगुले, आज आमचं घे पहिलं," म्हणत त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली आणि नामदेवशी उसाच्या तोडणीचं बोलायला लागले.

मी झाकण काढलं आणि वाकलो.

तोच वास. मेलेल्या उंदराचा. तंतोतंत तोच.

माझा हात झाकणावर राहिला. झाकण लावायचं आणि किटली डावीकडं सरकवायची, एवढंच करायचं होतं. अकरा वर्षांत शेकडो वेळा केलेलं काम. मी मान वर करून बघितलं. दौलतराव पाठमोरे होते, हसत होते. त्यांची मोटरसायकल, त्यांचा पांढरा सदरा, त्यांची संस्था, माझी नोकरी.

"चांगलं हाय," मी म्हणालो आणि किटली नामदेवकडं दिली. त्यानं दूध मापून मोठ्या कॅनमधे ओतलं.

दुसरी किटली चांगली. तिसरी चांगली. पुढच्या सगळ्या चांगल्या. सगळ्यात शेवटी अक्काताई आली. मी श्वास धरून वाकलो, मग सोडला, मग घेतला. ताज्या धारेचा कोमट, गोड वास. दुसरं काही नाही.

"घे," मी नामदेवला म्हणालो. त्यानं माझ्याकडं दोनदा बघितलं आणि दूध ओतलं.

बाया पांगल्या. दौलतराव आत कचेरीत गेले. अक्काताई रिकामी किटली घेऊन तिथंच उभी होती.

"भावजी."

"काय वैनी?"

"चेअरमनच्या दुधाला वास आला न्हवं तुमास्नी?"

"कोण म्हंतंय?"

"वास आला की तुमची डावी भुवई वर जाती अन् तुम्ही दम धरून बसता. तिनदा बघिटलंय मी ते. इसरंन व्हय?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "आज बी तसंच झालं. मग ते कसं घेटलासा?"

मी टेबल पुसायला लागलो.

"मी मिटिंगमधी कायबी बोलणार न्हाई," ती म्हणाली. "माझं कोण ऐकणार? नाक तुमचं हाय. तुमचं तुम्ही बघा."

ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी तिथंच टेबलापाशी उभा राहिलो. गालावर हात ठेवला. डाव्या डोळ्याखाली दाबलं तर आत ठसठसलं, आणि मग एकेक गोष्ट आपल्या पायानं चालत माझ्यापुढं येऊन उभी राहिली. वास तिच्या दुधाला नव्हता, पहिल्या किटलीला होता. पहिल्या किटलीलाही नव्हता. सकाळी उठल्यावर मी पहिल्यांदा खाली वाकायचो ते त्या किटलीवर. नाकातून येणारा चहा. शालनचं बोलणं. कांद्याच्या सालीइतका पडदा. उंदीर माझ्याच गालात मेला होता.

नऊ वाजता कमिटी बसली. पाच जण खुर्च्यांवर, मी भिंतीशी बाकावर, अक्काताई दारापाशी खाली. दौलतराव माणूस वाईट नव्हता. त्यांना कुणाचं वाटोळं करायचं नव्हतं, लवकर उरकायचं होतं.

"आज दूध चांगलं आलंय म्हणं," ते म्हणाले. "मग ताणायचं कशाला? ताकीद लिहून घेऊ, सही घेऊ, संपलं. शाळंचं मात्र आमास्नी बघावं लागंल अक्काताई. लोकांच्या पोरांचा प्रश्न हाय."

"कशाची ताकीद?" तिनं विचारलं.

"स्वच्छता ठेवायची."

कुणीतरी कागद पुढं केला. ती उठली आणि टेबलाशी आली. पेन हातात घेतलं. त्या सोलवटलेल्या बोटांत ते पेन मी बघितलं आणि मला बाकावर बसवेना. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं. दूध सुरू झालं असतं, माझं नाक शाबूत राहिलं असतं, मी गुपचूप कोल्हापूरला जाऊन औषधपाणी केलं असतं. फक्त ती जन्मभर ताकीद दिलेली बाई राहिली असती.

"थांबा," मी म्हणालो. "सही नगा करू वैनी. दुधाला वास नव्हताच. वास माझ्या नाकात हाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दाढेचं सांगितलं, डॉक्टरांनी काय बजावलं होतं ते सांगितलं, पहिल्या किटलीचं सांगितलं. गालात साठलेली घाण सकाळी पहिल्यांदा वाकलं की कधीकधी नाकात उतरते, तेही सांगितलं. दौलतराव ऐकून घेत होते, मग खुर्चीत मागं रेलून हसले.

"चौगुले, मैतराची बायको म्हणून पोटात घालतोयस व्हय? दाढंचा अन् नाकाचा काय संबंध?"

टेबलावर पाण्याचा तांब्या होता. मी तो उचलला, तोंडात घोट घेतला, मान खाली घातली आणि ओठ घट्ट मिटून गाल दाबला. पाणी डाव्या नाकपुडीतून धार लागल्यासारखं खाली आलं, त्या ताकिदीच्या कागदावर. पाण्याबरोबर पिवळट घाणही आली. आता वास सगळ्यांनाच आला. जवळ बसलेल्या दोघांनी नाकाला रुमाल लावला.

एक जण हसायला लागला, पण दुसरं कुणी हसलं नाही म्हणून तोही थांबला. मी उपरण्यानं तोंड पुसलं. दोन महिने जे लपवलं ते असं भर कमिटीपुढं सांडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण गंमत बघा, छातीवरचं ओझंही उतरलं होतं. मला वाटलं, सुटलो.

दौलतराव कागदाकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "आज पहिली किटली माझी हुती."

"व्हय."

"वास आला?"

"आला."

"त्योच?"

"त्योच."

"मग परत का न्हाई केलीस?"

हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारला नव्हता. नाकाचा दोष सापडला म्हणून मी खुशीत होतो. नाकाला दोष देऊन भागणार नाही हे मला तेव्हा, त्या खोलीत कळलं. नाक दोन्हीकडं सारखंच चुकलं होतं. भेदभाव त्यानं केला नव्हता.

"तुमचं परत करायला माझा हात धजला न्हाई," मी म्हणालो. "वैनींचं करताना कधी अडला न्हाई."

दौलतरावांनी मान खाली घातली. मी अक्काताईकडं बघितलं. माफी मागायची होती, पण मी तिच्यासमोरचा भिजलेला कागद तेवढा बाजूला ओढला.

ती अजून टेबलाशीच उभी होती. तिनं पेन खाली ठेवलं.

"पहिल्या दिवशी घरी जाऊन मी त्या दुधाचा वास घेटला," ती म्हणाली. कुणालाच बघून बोलत नव्हती. "पोरीनं घेटला. शेजारणीनं घेटला. कुणालाच काय आला न्हाई. तरी ते दूध मी ओढ्यात वतलं. तिनी येळंला वतलं. घरात पोर दूध मागत हुती, तिला घोटभर दिलं न्हाई. भावजीला आलाय म्हंजे आसंल, म्हटलं. रात ना दीस आपलेच हात हुंगत बसलो." तिनं हात पदराखाली घेतले. "मला बी नाक हाय की वो. मी त्येचं ऐकलंच न्हाई."

"अक्काताई, तुझं नाव मोकळं झालं बघ ह्यातनं," दौलतराव घाईनं म्हणाले. "शाळंला मी स्वतः येऊन सांगतो. सगळ्या पोरांच्या आयाबापांदेखत सांगतो."

"सांगा. आजच सांगा," ती म्हणाली. "अन् भावजींना बी संगं आणा. जातो मी. पोरांचा भात ऱ्हायलाय."

दौलतराव आणि मी त्याच दिवशी भाताच्या वेळेला शाळेत गेलो. मी सगळ्या पोरांपुढं सांगितलं आणि मग पंगतीत बसून तिच्या हातचा भात खाल्ला, मान उजवीकडं कलती करून. पोरांना काय, त्यांना भारी मजा वाटली. सोमवारी अकराही डबे बंद झाले. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला ऑपरेशन झालं. गालातली घाण काढून डॉक्टरांनी दाढेच्या जागचं भोक हिरडीची कातडी ओढून शिवून टाकलं. दातांचे डॉक्टर भेटायला आले होते. "पंधरा दिवस म्हणालो होतो," एवढंच ते म्हणाले. सहा आठवड्यांनी मी कामावर परत आलो, तेव्हा नाक पूर्वीसारखं झालं होतं. लसणीची पातसुद्धा कळत होती.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. मी निवृत्त होऊनही बरीच झाली. अक्काताई मला कधी टोचून बोलली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात दोन दिवस आमच्या चुलीपुढं राबली. तिच्या मनात काही राहिलं नव्हतं, असं शालन म्हणते, आणि शालनचं मी आता ऐकतो.

पण मी कामावर परत आलो त्या पहिल्या सकाळी काय झालं ते सांगतो. मी शटर वर केलं. ती पायरीवर होती. तिनं लखलखीत किटली माझ्यापुढं ठेवली. मी झाकणाकडं हात नेला तर तिनं आपला हात त्यावर ठेवला. जोरात नाही, नुसता ठेवला. मग तिनं स्वतः झाकण काढलं, वाकून सावकाश वास घेतला आणि सरळ उभी राहिली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "घ्या."

मी घेतलं. नोकरी संपेपर्यंत, बारा वर्षं, रोज सकाळी ती असंच म्हणायची आणि मी घ्यायचो.